वरच्या फळीचा दुसरा भाग

बालवाचनालयाला पन्नास वर्षं होणार म्हटल्यावर समितीने ठरवलं, की खोलीला रंग द्यायचा, नवं कपाट करायचं आणि इतिहास छापायचा. रंगाला रंगारी मिळाला, कपाटाला सुतार मिळाला. इतिहासाला मात्र कुणी मिळेना. ज्यांना लिहिता येत होतं त्यांना वेळ नव्हता, आणि ज्यांना वेळ होता त्यांनी लिहिलेलं वाचायचं कुणी, हा प्रश्न होता. शेवटी अध्यक्षांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आपल्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवलं.

"ही लिहील."

"ही म्हणजे कोण?" बहीण म्हणाली. "इथे बसलेल्या प्रत्येकीला घरी कुणी ना कुणी 'ही' म्हणतं."

समिती हसली. अध्यक्ष हसले नाहीत. समितीचे ते अध्यक्ष असले तरी बहिणीचे दादाच होते, आणि बहिणीच्या विनोदाला हसायचं नाही हा नियम त्यांनी लहानपणापासून पाळला होता.

"पाऊणताई, पुरे," ते म्हणाले.

हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. दादांच्या वेळी देवाने कापड सढळ हाताने फाडलं आणि ताईच्या वेळी ते आखूड पडलं, असं त्यांची आई म्हणायची. शाळेत दोघं शेजारी उभी राहिली की पोरं मापं काढायची: एक पूर्ण, एक पाऊण. दादांचं 'पूर्ण' कधीच गळून पडलं, पाऊणताईंचं 'पाऊण' चिकटून राहिलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्या गावात, कौलांच्या कारखान्याच्या गोदामात काढली होती, आणि तिथे त्यांच्यापुढे सहा फुटी मुकादम मान खाली घालून उभे राहत. माणूस भेटला की त्याच्याकडे साठा किती आणि खप किती, हे त्या आधी ताडत. दादांबद्दलचं त्यांचं मत जुनं होतं: साठा बेताचा, खप जोरात.

"लिहिते," पाऊणताई म्हणाल्या.

इतक्या चटकन होकार आल्यावर दादा सावध झाले.

"पण सुतार जुनं कपाट उतरवेल तेव्हा पुस्तकांची मोजदाद मी करणार. वरच्या फळीसकट."

"वरची फळी उंच सभासदच पुसतात आणि लावतात. आपली प्रथाच आहे तशी."

"कपाट जमिनीवर आल्यावर फळी वरची कुठे राहते रे दादा?"

दादांनी समोरचा पेला उचलून तोंडाला लावला. पेला रिकामा होता, तरी ते बराच वेळ प्यायले. मग म्हणाले, "बरं. पण उंचीच्या नियमावर एक परिच्छेद नीट घाल. संस्थापकांचा शिक्षणविचार म्हणून. नवं कपाटही तेवढंच उंच करतोय आपण. भिंतीत पक्कं बसवून."

पाऊणताईंनी मान डोलावली. इतिहासाशी त्यांना तसं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना वरच्या फळीवरचं एक पुस्तक हवं होतं. खरं म्हणजे त्या पुस्तकाचा दुसरा भाग. त्याची त्या लहानपणापासून वाट बघत होत्या.

*

घरी येऊन त्यांनी कोरा कागद घेतला आणि पहिलंच वाक्य असं लिहिलं: 'आपलं वाचनालय ज्ञानाच्या प्रसारासाठी सुरू झालं नाही, खोकल्याच्या औषधासाठी झालं.'

खरंच तसं होतं. तेव्हा वाचनालयाचे संस्थापक, म्हणजे गावातले औषधवाले काका, दुकानात औषधं स्वतःच्या हाताने खलत आणि गाळत. तेवढा वेळ आयांना थांबावं लागे आणि आयांबरोबर पोरांना. पोरं थांबतात म्हणजे काय, तर बुचं उघडतात. एकाने खरजेचं मलम डोक्याला चोपडलं, एकीने तोंडात थर्मामीटर धरून तो कडकडून चावला. काकांनी मग बाकावर चार चित्रांची पुस्तकं आणून टाकली. पोरांचे हात गुंतावेत, एवढाच हेतू. हात गुंतले, पण पोरंही गुंतली. औषध तयार झालं तरी उठेनात. पुढे पुढे तर औषध नको असलेली पोरंही दारात येऊन खोटं खोटं खोकायला लागली. काका वैतागले आणि त्यांनी दुकानामागची खोली मोकळी करून दिली.

खोलीत दुकानातलंच जुनं कपाट गेलं. काकांना सामान लावायची एकच रीत ठाऊक होती: सौम्य ते खाली, जहाल ते वर. म्हणून चित्रांची पुस्तकं तळाला, त्यावर परीकथा, त्यावर प्रवास, त्यावर शोधांच्या गोष्टी. पुस्तकांना चिठ्ठ्याही बाटल्यांच्याच लावल्या. भुताच्या गोष्टींवर 'झोपण्यापूर्वी घेऊ नये' आणि कोड्यांच्या पुस्तकावर 'हलवून घ्यावे'. सगळ्यात वरच्या फळीला मात्र लाकडी झडपा होत्या, त्यांना उंचावर एक कडी, आणि झडपांवर लाल अक्षरात 'विष'. काकांनी ती अक्षरं टर्पेंटाइनने पुसून पाहिली. ती पुसली गेली नाहीत, फक्त फिकट झाली आणि त्यामुळे जास्तच भयानक दिसायला लागली.

नियम एकच होता. हात पुरेल ते पुस्तक तुझं. स्टूल नाही, काठी नाही, कुणाच्या खांद्यावर बसणं नाही. कडीला हात पोहोचला तर वरची फळीही तुझी. पण विषाच्या बाटल्या जशा उगाच बाहेर जात नसत तशी वरची पुस्तकंही खोलीबाहेर जायची नाहीत. आतल्या बाकावर, भिंतीला पाठ लावून वाचायची. आणि चौदा वर्षं पुरी झाली की सभासदत्व संपलं.

दादाचा हात कडीला लागला तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता. बहीण खाली उभी राहून बघत होती. तेव्हा ती नुसतीच पाऊण होती, 'ताई' पुढे मागून जडलं. दादाने कडी काढली, एक जाड पुस्तक ओढलं आणि उघडलं.

"कसं आहे रे?" तिने विचारलं.

"भयंकर," दादा म्हणाला.

त्या दिवसापासून घरी भांडी घासताना ती घासायची, तो पुसायचा आणि वरच्या फळीवरची गोष्ट सांगायचा. घंटाचोराची गोष्ट. एक माणूस गावाची मोठी घंटा चोरतो. चालताना ती वाजू नये म्हणून तिच्या पोटात लोकर कोंबतो, दिवसा लपवायला जागा नाही म्हणून विहिरीत सोडतो. घंटा नाही म्हणून गावाला उठायची वेळ कळत नाही. पाववाल्याचे पाव करपतात, शाळा दुपारी भरते, एका नवरदेवाचं लग्नच चुकतं. मग विहिरीचं पाणी चढतं, लोकर सुटते, आणि घंटा पाण्याखाली आपोआप वाजायला लागते. अख्खं गाव विहिरीभोवती जमतं. चोरही त्या गर्दीत असतो. त्याच्या हातात दोर असतो, आणि सगळे त्या दोराकडे बघत असतात.

"पुढे?"

"पुढे दुसरा भाग."

"मग तो वाच ना!"

"नाहीये."

"वरची पुस्तकं तर बाहेर जात नाहीत."

दादाने एक ताट लागेल त्यापेक्षा जास्त वेळ पुसलं. "बांधणीला गेलाय," तो म्हणाला.

तो दुसरा भाग पुढच्या महिन्यात बांधणीलाच होता आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. बहीण हात ताणून, टाचा उचलून, चवड्यांवर नाचून कडीच्या खाली धडका मारत राहिली. वाढायची वाट बघता बघता तिने खालचं सगळं कपाट वाचलं आणि मग दुसऱ्यांदा वाचलं. चौदा पुरी झाली त्या दिवशी तिची बोटं कडीच्या अंमळ खालीच राहिली. काकांनी तिच्या हातावर खोकल्याची गोड गोळी ठेवली आणि म्हणाले, "काही बिघडलं नाही हो तुझं." समजूत काढताहेत, असं तिला वाटलं.

पुढे दादाने त्या फळीवर आयुष्य काढलं. घर विकायचं की ठेवायचं, वडिलांना कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, बहिणीने परगावी नोकरी धरायची की नाही, कुठलाही वाद असो, ती जिंकत आली की दादा खिडकीबाहेर बघून म्हणे, "तुला नाही कळायचं. वरची फळी वाचली नाहीस तू." शिडी लावून ती फळी कधीही बघता आली असती. पण ताईंना ती तशी नको होती. नियम नियमासारखा पाळून हरलेली बाई होती ती. कपाट स्वतःहून खाली येतंय, तर त्यात मात्र नियम मोडत नव्हता.

*

सोमवारी सुताराने कपाटाचा वरचा खण सोडवला आणि दोघा मदतनिसांसह हळूच जमिनीवर टेकवला. दारात पोरांची झुंबड उडाली होती. "विष उतरलं! विष उतरलं!" असा गलका चालला होता. पाऊणताईंनी सगळ्यांना खालच्या पुस्तकांच्या थप्प्या लावायला पिटाळलं. एक मुलगी हलली नाही. पोस्टमनची मुलगी होती ती. अंगाने चिमणीएवढी, पण नजर अशी की पाकीट न उघडता आतलं पत्र वाचेल.

"तू का थांबलीस गं?"

"मला पुढच्या महिन्यात चौदा पुरी होतात," मुलगी म्हणाली. "हात पोहोचत नाही माझा. नुसतं सांगा ना, आत काय आहे?"

पाऊणताईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. फार वेळ लागला नाही.

"उद्या ये," त्या म्हणाल्या.

दार लोटून त्या झडपांसमोर फतकल मारून बसल्या. कडी आता त्यांच्या नाकासमोर होती. सुताराने विचारलं, "गंजलीय. मी काढू?"

"हात लावू नकोस!" ताई अशा कडाडल्या की सुताराने दोन्ही हात खिशात घातले.

कडी निघाली. आत पुस्तकं दाटीवाटीने उभी होती, कापूर आणि टिंक्चरच्या वासात मुरलेली. ताईंनी पहिलं काढलं. गुरांच्या खुरांचे रोग, आकृत्यांसह. दुसरं काढलं. कुणा जुन्या नगराध्यक्षांची भाषणं. तिसरं, चौथं, पाचवं, त्याच नगराध्यक्षांची भाषणं. मग घरच्या घरी साबण करण्याची कृती, जकातीचे नियम, चुन्याच्या भट्टीवरचा अहवाल, आणि सद्वर्तनावर एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलेला ग्रंथ, इतका जड की त्याच्याखाली पापड दाबून ठेवायलाही भीती वाटावी. सगळी पुस्तकं भेट आलेली होती. पहिल्या पानावर देणाऱ्यांच्या ऐटबाज सह्या होत्या.

आणि एकाही पुस्तकाची पानं कापलेली नव्हती. छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती. ती सुरीने सुटी केल्याशिवाय वाचता येत नाहीत, आणि पन्नास वर्षांत एकाही उंच माणसाने सुरी मागितली नव्हती.

ताईंनी पुन्हा सगळा खण चाचपला. घंटाचोराचा दुसरा भाग नव्हता. पहिलाही नव्हता.

गोदामात जन्म काढलेल्या बाईला काकांची युक्ती समजायला किती वेळ लागणार! जो माल खपतो तो हाताशी ठेवायचा. जो खपत नाही आणि देणाऱ्याच्या तोंडावर फेकताही येत नाही, तो वर. प्रत्येक दुकानात तसंच असतं. ताईंना हसू फुटलं, ते थांबेना. सुताराने घाबरून पाणी आणलं. पाणी पिता पिताच त्यांचं हसू ओसरलं.

घंटाचोर पुस्तकात नव्हता, तर मग आला कुठून?

*

दादा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. वहिनी शेजारी बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. ताई आल्या, बसल्या, चादरीचं एक टोक धरलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "दादा, दुसरा भाग बांधणीहून आला का रे?"

वर्तमानपत्र जागच्या जागी थिजलं.

"कशाचा दुसरा भाग?" वहिनींनी विचारलं. "त्या विहिरीतल्या घंटेचा?"

"वहिनी, तुम्हाला कुठून ठाऊक?"

"मला? यांनी आमच्या पोरांना सांगितली, नातवाला सांगितली. दर वेळी विहिरीपाशी आणून सोडतात आणि उठून जातात. पोरगं रडून रडून निजायचं. मी म्हटलं, अहो, शेवट तरी सांगा. तर म्हणे, बांधणीला गेलाय."

"खुरांचे रोग, दादा," ताई म्हणाल्या. "आकृत्यांसह."

दादांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नंतर घडीचीही घडी घातली. इतका उंच माणूस खुर्चीत एवढासा झालेला ताईंनी कधी पाहिला नव्हता.

"पहिलं तेच हाताला लागलं," ते म्हणाले. "उघडलं तर पानं जोडलेली. खाली बघितलं तर तू. तोंड वर करून. कसं आहे म्हणून विचारलंस."

"आणि तू भयंकर म्हणालास."

"ते काही खोटं नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"आणि बाकीचे? गावातले एवढे उंच? एकानेही तोंड उघडलं नाही?"

"माझ्याआधी बेकरीवाल्याचा मुलगा होता. तो बाकावर बसला होता. माझा चेहरा बघितला आणि त्याने नुसता डोळा मारला. मग माझ्यामागून आला त्याला मी मारला." दादांनी घसा खाकरला. "तुला काय सांगायचं होतं? इतकी वर्षं हात ताणून उड्या मारतेस ते साबणाच्या कृतीसाठी? मग संध्याकाळी भांडी पुसताना काहीतरी सांगायला लागलो. तू ऐकत होतीस. घासायचं विसरून ऐकत होतीस. मग रोजच सांगावं लागलं."

चादर ताईंच्या हातातच राहिली. जन्मभर त्यांनी दादाच्या खात्यावर गर्व, हेका आणि लांब नाक एवढंच मांडलं होतं. घंटा, लोकर, करपलेले पाव, लग्न चुकलेला नवरदेव, हे सगळं याच्या डोक्यातून आलं? साठ्याचा अंदाज साफ चुकला होता. पण हे त्याला आताच कळू द्यायची गरज नव्हती.

"काकांनी मुद्दाम केलं असेल का रे?"

"विचारायची छाती झाली नाही. पण तू खालचं सगळं वाचलंस ना?"

"दोनदा."

"मीही. कडीला हात लागेपर्यंत." दादांनी आवाज खाली आणला. "हे इतिहासात घालणार आहेस? डॉक्टर, फौजदार, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांनी कडी काढलीय. सगळेच म्हणतात, वरच्या फळीने आयुष्य घडवलं. तोंड दाखवायला जागा राहणार नाही कुणाला."

"आधी शेवट सांग. मग बघते."

"शेवट नाहीये गं."

"म्हणजे?"

"मला सुचलाच नाही. विहिरीपर्यंत आलो, सगळं गाव जमवलं, त्याच्या हातात दोर दिला, आणि अडकलो. अजून अडकलेलाच आहे. कधी कधी स्नान करतानाही विचार करतो."

"म्हणून पाणी वाया जातं," वहिनी म्हणाल्या.

पाऊणताई सरसावून बसल्या. "चोर स्वतःच विहिरीत उतरतो," त्या म्हणाल्या. "कारण बाकी कुणाकडे दोर नाही आणि कुणाला पत्ता नाही घंटा कुठे आहे ते. तो तिला बांधतो, गाव ओढतं. वर आल्यावर त्याला धरतात. पण घंटा मनोऱ्यावर चढवायची कुणी? तिचं वजन त्यालाच माहीत. ती कशी धरली की वाजत नाही आणि कशी धरली की वाजते, तेही त्यालाच. मग गाव त्यालाच घंटेवर नेमतं. आणि पाववाला सांगतो, एक दिवस जरी उशीर झाला तर करपलेले सगळे पाव तूच खायचे."

दादा ऐकत राहिले. डोळे बारीक झाले.

"छे," ते म्हणाले. "गाव इतकं उदार नसतं."

"उदार कुठे? फुकट घंटावाला मिळाला त्यांना!"

"आणि नवरदेव? त्याचं काय? त्याचं लग्न मोडलंय. तो ऐकून घेईल?"

"तो चोराचे आभार मानतो."

"का?"

"ते तू ठरव. तुझा नवरदेव आहे तो."

दोघं चादरीची टोकं धरून भांडत राहिली. कुणाचा हात वर होता सांगता येत नाही, पण त्या वादात वरच्या फळीचं नाव एकदाही आलं नाही. वहिनींनी चादर दोघांच्या हातातून सोडवून घेतली आणि एकट्यांनीच घडी घातली.

*

दुसऱ्या दिवशी सुतार कानावर पेन्सिल लावून भिंतीपाशी उभा होता. "वरची कडी किती उंच घेऊ, अध्यक्ष? जुन्याइतकीच?"

दादांचा हात सवयीने वर गेला. तो अर्ध्यावर थांबला, आणि त्याच हाताने त्यांनी बहिणीकडे दाखवलं. "हिला विचार."

"ही म्हणजे कोण?" पाऊणताई म्हणाल्या, आणि या वेळी दादा हसले.

पोस्टमनची मुलगी सकाळपासून उंबऱ्यात येऊन बसली होती. ताईंनी तिला बोलावलं. "भिंतीला पाठ लाव. हात वर. टाचा उचल. उचल गं, लाजतेस काय! ताण अजून." मुलगी अशी ताणली की तिच्या फ्रॉकची शिवण करकरली. "तिथे," ताई सुताराला म्हणाल्या. सुताराने रेघ मारली.

"आणि या झडपा? टाकून देऊ? रंग उडालाय, त्यात भलतंच काही लिहिलंय."

"खबरदार!" दोघं एकदम ओरडली.

नगराध्यक्षांची भाषणं, खुरांचे रोग आणि न्यायाधीशांचं सद्वर्तन सन्मानाने समितीच्या खोलीत गेलं. तिथे ते समितीला धाकात ठेवायला उपयोगी पडतं. 'विष' लिहिलेल्या झडपांमागे काय ठेवायचं ते पाऊणताईंनी स्वतः निवडलं. त्यासाठी त्यांनी सगळं कपाट तिसऱ्यांदा वाचून काढलं आणि ज्या पुस्तकाने त्यांची झोप उडवली तेवढंच वर पाठवलं. इतिहासातला दादांचा परिच्छेदही त्यांनी लिहिला, एका वाक्यात: 'वरच्या फळीवर काय होतं, ते आपल्या उंच सभासदांनी पन्नास वर्षं जिवापाड जपलं, त्याबद्दल वाचनालय त्यांचं ऋणी आहे.' समारंभात हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा डॉक्टरांनी बुटांकडे पाहिलं, फौजदारांनी छताकडे पाहिलं, आणि मुख्याध्यापकांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

समारंभ आटोपल्यावर मुलीने कडी काढली. चौदा पुरी व्हायला अजून थोडा अवकाश होता. तिने पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवलं, आणि ते मध्येच एका मोकळ्या जागेत घसरलं.

"इथलं कुठे गेलं?"

"घंटाचोर," दादा म्हणाले. "दोन्ही भाग. बांधणीला गेलेत."

मुलीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की बंद पाकिटातलं पत्र वाचून झालं असावं.

"खरंच गेलेत गं या वेळी," पाऊणताई म्हणाल्या. "मीच नेऊन दिलेत. फक्त नवरदेवाचं पान तेवढं यांच्याकडून अजून यायचंय."